परसांतील विष्णुक्रांत

आषाढ लागला कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एक प्रश्न हटकून डोकावूं लागतो. "पार्थिव गणपतीच्या पूजेच्या एकवीस पत्रींपैकीं सतरा-अठरा आम्ही कशाबशा जमवितों; परंतु विष्णुक्रांत कांहीं केल्या मिळत नाहीं. ती कशी ओळखावी, आणि परसांत लावतां येते काय?" या आशयाचीं पत्रें यंदां तीन घरांतून आलीं. त्यांतील एक पत्र एका आजींनीं सांगून नातसुनेच्या हातून लिहविलेलें आहे, आणि शेवटीं आजींनीं स्वतःच्या थरथरत्या अक्षरांत एक ओळ घातली आहे: "पुस्तकांतलें नको. तुम्हीं स्वतः लावली असेल तरच सांगा." विष्णुक्रांत आम्हीं स्वतः लावली आहे, पण ती लावण्याची वेळ आमच्यावर कां आली, हें सांगितल्यावांचून नुसती कृति सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. म्हणून आजचा लेख नेहमींपेक्षां थोडा घरगुती झाला आहे. वाचक क्षमा करतील अशी आशा आहे.

या एकवीस पत्रींची गंमत अशी कीं, त्यांत घराभोंवतालचा सगळा हिरवा संसार येऊन जातो. दूर्वा, तुळस, मरवा व जाई या अंगणांतल्या. बेल, पिंपळ, शमी, अर्जुन व बोर हे वृक्ष. डाळिंब व हादगा परसांतले. आणि आघाडा, माका, धोत्रा, रुई, डोरली या तर कोणीं लावावयासहि नकोत, वाटेच्या कडेला आपल्या आपण उगवतात. देवदार हिमालयांतला, तो आपल्या परसांत यावयाचा नाहीं, व त्याबद्दल कोणीं मनाला लावून घेऊं नये. विष्णुक्रांत मात्र आपल्याच मातींतली, आपल्याच माळावरची, आणि तरीहि बहुतेकांना अनोळखी. याचें कारण तिची अंगलट. ती इतकी लहान आहे कीं, तिच्यावर पाय पडून गेला तरी ती तेथें होती हें कळत नाहीं.

जमिनीलगत चोहोंकडे पसरणाऱ्या, सुतळीहूनहि बारीक पण काटक अशा फांद्या. त्यांवर नखाएवढीं किंवा त्याहून थोडीं लांब अशीं पानें. आणि साऱ्या अंगावर रेशमासारखी पांढुरकी लव. पानाच्या बगलेंतून केसासारखा बारीक देंठ निघतो आणि त्याच्या टोकाला निळें फूल येतें. तें केवढें, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढें. पांच पाकळ्या एकमेकींस जुळून त्यांची एक उथळ बशी झालेली असते. पांढरीं, पिवळीं व तांबडीं फुलें सृष्टींत उदंड आहेत. पण खरा निळा रंग वनस्पतींच्या राज्यांत फार थोड्यांच्या वांट्यास येतो. हरभऱ्याएवढ्या फुलांत तो असा कांहीं भरून राहिलेला असतो कीं, पाऊस उघडल्यावर ढगांच्या फटींतून दिसणाऱ्या आकाशाचीच आठवण व्हावी. हें फूल सकाळीं उमलतें आणि दुपार होतां होतां मिटतें. एका फुलाचें आयुष्य एवढेंच. दुसरे दिवशीं दुसरें येतें. दुपारचें जेवण आटोपून जे विष्णुक्रांत शोधावयास निघतात त्यांना ती सांपडत नाहीं, याचें कारण हें.

शास्त्रज्ञ तिला एव्हॉल्व्ह्युलस अॅल्सिनॉइडिस म्हणतात. लिनियसनें १७५३ सालीं तिची गणना कॉन्व्हॉल्व्ह्युलस या गणांत केली होती. १७६२ सालीं तिला आजचें नांव मिळालें. रताळें व गारवेल हीं तिच्याच कुळांतलीं. या कुळांतील पुष्कळ वनस्पति शेजाऱ्याला विळखा घालून वर चढतात. ही मात्र कोणाच्या आधारानें चढत नाहीं, आणि म्हणूनच 'उलगडणें' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून तिचें नांव पाडलें आहे. या गणांतील सुमारें शंभर जातींपैकीं बहुतेक सर्व अमेरिकेंतल्या. पण ही इवलीशी जाति पृथ्वीवरील सर्व उष्ण प्रदेशांत पसरलेली आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळतों.

आमचें बालपण रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत गेलें. त्या वर्षीं आम्ही नुकतेच मॅट्रिक झालों होतों. संस्कृतांत गुण चांगले पडले होते, अमरकोश मुखोद्गत होता, आणि त्या वयांत विद्येचें सोंग घेऊन जो एक प्रकारचा उद्धटपणा अंगीं येतो तोहि भरपूर होता. वडिलांना ताप आल्यामुळें चतुर्थीची पूजा आमच्याकडे आली. आई पत्रीचें तबक घेऊन शेजारीं बसली होती. एकेका पत्रीचें नांव निघे आणि ती ती पत्री ती आमच्या हातीं देई. विष्णुक्रांतेचें नांव निघतांच तिनें एक एवढीशी लवदार डहाळी पुढें केली. तिला दोन मिटलेल्या निळ्या कळ्या होत्या. पहांटें सड्यावर जाऊन तिनें ती खुडून आणली होती.

आम्हीं ती घेतली नाहीं. उपाध्यायांच्या देखत आम्ही म्हणालों, "आई, ही नव्हे. अमरकोशांत गिरिकर्णी, विष्णुक्रांता आणि अपराजिता हीं एकाच वनस्पतीचीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे विष्णुक्रांत ही आपली कुंपणावरची गोकर्णी. हें कुठलें तरी गवत आहे." उपाध्याय हंसले. आईनें ती डहाळी पदराखालीं घेतली आणि एवढेंच म्हणाली, "तूं शिकलेला आहेस. तुझें खरें असेल. मला माझ्या आईनें ही दाखविली होती."

पुढच्या वर्षापासून तबकांत गोकर्णीचें पान येऊं लागलें. आई गेली त्या वर्षापर्यंत तें तसेंच चाललें, आणि त्यानंतरहि. त्या प्रसंगाची आठवण आम्हांला राहिली नव्हती असें नाहीं. परंतु जी आठवण होती ती आपण आईला बरोबर ज्ञान दिलें अशा समाधानाची होती.

तीन वर्षांमागें आमच्या थोरल्या बंधूंची नात दिवाळीच्या सुटींत घरीं आली. ती पुण्यास वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करते. एका जुन्या ग्रंथांतील चित्राची प्रत तिनें बरोबर आणली होती. हा ग्रंथ म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस'. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानें मलबारांतील वनस्पतींचीं वर्णनें व चित्रें गोळा केलीं, आणि १६७८ पासून १६९३ पर्यंत अॅमस्टरडॅम येथें तीं बारा खंडांत छापून निघालीं. आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, या कामीं इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यहि होते. त्यांनीं नागरी लिपींत लिहून दिलेलें १६७५ सालचें निवेदन पहिल्या खंडांत छापलेलें आहे. मूळ ग्रंथ लॅटिन भाषेंत. केरळांतील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस्. मणिलाल यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें खर्चून त्याचें इंग्रजी भाषांतर केलें आणि केरळ विश्वविद्यालयानें तें २००३ सालीं प्रसिद्ध केलें.

"धाकटे आजोबा, हें नांव वाचा बरें," असें म्हणून तिनें अकराव्या खंडांतील तें चित्र आमच्यापुढें धरलें. डच लोकांच्या कानांना जसें ऐकूं आलें तसें रोमन अक्षरांत तें लिहिलें होतें, 'विस्त्नु-क्लंदि'. विष्णुक्रांति हाच तो शब्द, यांत शंका घेण्यास जागा नव्हती. आणि चित्र? चित्र गोकर्णीचें नव्हतें. जमिनीलगत पसरलेल्या बारीक फांद्या, लहान पानें, केसासारखे देंठ आणि एवढालीं फुलें. त्याच ग्रंथांत गोकर्णीचेंहि चित्र आहे. तिचें नांव मात्र 'शंखपुष्पी' या शब्दाचें असेंच मोडकें रूप करून दिलेलें आहे. म्हणजे साडेतीनशें वर्षांपूर्वीं त्या वैद्यांच्या प्रांतांत गोकर्णी ती शंखपुष्पी आणि ही लहानगी ती विष्णुक्रांत, असा भेद स्पष्ट होता.

वहिनी शेजारीं तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं चष्मा सारखा करून चित्र पाहिलें आणि म्हणाल्या, "अहो भावोजी, ही तर सासूबाईंची विष्णुक्रांत!"

आम्ही कांहींच बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्याच पुन्हां म्हणाल्या, "तुम्हांला ठाऊक नाहीं. दर चतुर्थीला सासूबाई तुमच्या तबकांत गोकर्णीचें पान ठेवीत, आणि सड्यावरून आणलेली ही डहाळी पूजा आटोपल्यावर मागीलदारीं तुळशीपाशीं नेऊन ठेवीत. मला म्हणत, 'पोराचा शब्द खालीं पडूं नये आणि देवाचेंहि राहूं नये. कोणाला सांगूं नकोस.' मीं नाहीं सांगितलें."

इतकीं वर्षें आम्ही ज्या घरांत विद्वान् म्हणून वावरलों, त्या घरांतील दोन स्त्रियांनीं आमची विद्या अशी सांभाळून घेतली होती.

वाचक विचारतील, मग अमरकोश चुकला काय? तसें म्हणण्याची आमची छाती नाहीं, आणि तसें तें नाहींहि. कोशकार शब्दांचे पर्याय देतो. वनस्पतीचें चित्र काढून दाखवीत नाहीं. एकच नांव निरनिराळ्या प्रांतीं निरनिराळ्या वनस्पतींना लागतें, आणि एकाच वनस्पतीला दहा नांवें असतात. 'शंखपुष्पी' हेंच उदाहरण घ्या. चरकानें बुद्धिवर्धक रसायनांत तिची गणना केली आहे. परंतु उत्तरेकडील वैद्य त्या नांवाखालीं कॉन्व्हॉल्व्ह्युलस जातीची एक वनस्पति वापरतात, केरळांत गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतात, आणि कित्येक ठिकाणीं आपल्या या विष्णुक्रांतेलाच तें नांव देतात. बंगाल्यांत गोकर्णी ही अपराजिता. केरळांत दशपुष्प म्हणून ज्या दहा मंगल वनस्पति मानतात त्यांत विष्णुक्रांति आहे, आणि ती हीच निळ्या फुलांची. तिच्या जोडीला आपल्या पत्रींतील दूर्वा व माका याहि त्या दहांत आहेत. तेव्हां ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या गोकर्णीचें पान विष्णुक्रांत म्हणून वाहण्याचा परिपाठ आहे त्यांनीं तो मोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांच्या पाठीशीं अमरकोश आहे.

चूक कोशाची नव्हे, आमची. आईच्या हातांत वनस्पति होती आणि आमच्या तोंडांत शब्द होता. शब्दाला पाहून वनस्पति खोटी ठरविण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला होता? "तुझ्या आईनें ती कोठें दाखविली? तिला आणखी काय म्हणत?" एवढे दोन प्रश्न त्या दिवशीं विचारले असते तर एक जुनी ओळख घरांत उजळ माथ्यानें राहिली असती. चाळीस वर्षें शाळेंत मुलांना आम्ही 'आधीं पाहा, मग लिहा' असें सांगत आलों. स्वतः मात्र आधीं वाचलें आणि पाहिलेंच नाहीं.

त्या दिवाळींत विष्णुक्रांत आपल्या परसांत लावावयाची असें आम्हीं ठरविलें. त्यांत दोनदां फसलों, तिसऱ्यांदा साधलें. फसलेले प्रयत्नहि सांगतों, कारण वाचकही बहुधा त्याच वाटेनें जातील.

पहिला प्रयत्न बाजारांतून रोप आणण्याचा. एका रोपवाटिकेंत विष्णुक्रांत मागितली तेव्हां त्यांनीं ताबडतोब एक भरगच्च कुंडी पुढें केली. फुलें निळींच होतीं, पण रुपयाच्या नाण्याएवढीं. रंग फिकट, मध्यें पांढरी चांदणी, पानें रुपेरी व जाड. नातीनें पाहतांक्षणींच सांगितलें कीं, ही एव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस. आपल्या विष्णुक्रांतेची चुलत बहीण खरी, पण मूळची ब्राझीलकडची. ती शोभेला उत्तम आहे, फांदीवरून सहज लागते, आणि आमच्या पडवीपुढें ती अजून फुलते. तिच्याशीं आमचें कांहींच भांडण नाहीं. परंतु विष्णुक्रांत म्हणून ती कोणीं घेऊं नये. फूल हरभऱ्याएवढें कीं रुपयाएवढें, एवढें पाहिलें तरी पुरे.

दुसरा प्रयत्न सड्यावरून रोप उपटून आणण्याचा. आम्हीं चार रोपें खणून आणलीं, शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातींत लावलीं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें. आठ दिवसांत चारी रोपें मेलीं. दिसावयास ही वनस्पति एवढीशी. पण तिचें मूळ लांकडासारखें कठीण असतें आणि दगडांच्या फटींतून खोल गेलेलें असतें. खणतांना तें तुटतें. शिवाय जिला खडकावर उपाशी राहण्याची संवय, तिला पंचपक्वान्न सोसत नाहीं. कांहीं विद्यार्थीहि असेच असतात. सड्यावरचीं चार जिवंत रोपें आपल्या हौसेपायीं गेलीं याची रुखरुख मात्र आम्हांला अद्याप आहे. वाचकांनीं हा प्रयोग करूं नये.

तिसरा प्रयत्न बियांचा. फूल मिटल्यावर देंठ खालीं वळतो आणि त्याला मिऱ्याहूनहि लहान असें वाटोळें बोंड धरतें. वाळल्यावर तें चार शकलांत फुटतें. आंत फार तर चार काळसर बिया असतात. बोंड तपकिरी झालें कीं फुटण्यापूर्वीं तें खुडावें, नाहीं तर बीं मातींत नाहींसें होतें. कार्तिक-मार्गशीर्षांत आम्हीं असें साठ बियांचें धन जमवून कागदाच्या पुडींत ठेवलें. या कुळांतील बियांचें कवच टणक असतें व त्यांतून पाणी सहजासहजीं आंत शिरत नाहीं. म्हणून ज्येष्ठांत पेरतेवेळीं निम्म्या बिया आम्हीं पॉलिश कागदावर हलक्या हातानें घांसल्या व रात्रभर कोमट पाण्यांत भिजविल्या. निम्म्या तशाच पेरल्या. घांसलेल्या तीसांपैकीं सतरा उगवल्या, न घांसलेल्यांपैकीं अवघ्या चार. यावरून काय तें समजावें.

वाफा कसा करावा? जांभ्याचा बारीक चुरा किंवा मुरूम दोन वांटे, वाळू एक वांटा आणि साधी माती एक वांटा. खत मुळींच नको. जागा दिवसभर उन्हाची व उताराची पाहावी. कोंकणांतील वाचकांनीं गडग्याच्या कडेला उंचवट्यावर वाफा करावा आणि पन्हळीचें पाणी त्यावर पडूं देऊं नये. मुसळधार पावसानें ती मरत नाहीं, पण सांचलेल्या पाण्यानें मरते. देशावरील वाचकांनीं पसरट मातीची कुंडी घ्यावी, बुडाशीं खापऱ्या घालून पाणी निसटून जाईल असें करावें. बीं अगदीं वरवर, चिमूटभर वाळूनें झांकावें. खरें काम पुढें आहे. ही वनस्पति भिडस्त. गवत वाढलें कीं ती सावलींत दडपून जाते. म्हणून आठवड्यांतून एकदां हातानें तण काढावें. घरांतील लहान मुलांना हें काम द्यावें. परंतु आधीं त्यांना विष्णुक्रांत नीट दाखवून ठेवावी, नाहीं तर तणाबरोबर तीहि जाईल. आमच्या घरीं दोन रोपें अशीं गेलीं.

पावसाळ्यांत वरून पाणी देण्याची गरज नाहीं. आश्विनानंतर चार-पांच दिवसांनीं थोडें शिंपावें. वैशाखांत फांद्या वाळून जातात आणि रोप मेलें असें वाटतें. तें उपटूं नये. मूळ जिवंत असतें, व पहिल्या पावसाबरोबर त्याला पुन्हां कोंवळे फुटवे येतात. एकदां लागलेली विष्णुक्रांत अशी वर्षानुवर्षें टिकते.

एक सूचना औषधाविषयीं. ही बुद्धिवर्धक आहे असें ऐकून परीक्षेच्या दिवसांत शेजारचीं मुलें आमच्याकडे पानें मागावयास येतात. आम्ही त्यांना धडा दोनदां वाचावयास सांगतों. नांवांचा घोंटाळा केवढा आहे हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां वैद्यांस दाखविल्यावांचून घरच्या घरीं कोणतीहि निळ्या फुलांची वनस्पति वांटून कोणाला देऊं नये.

दुसरी सूचना खुडण्याविषयीं. पूजेला एक पान पुरतें, फार तर एक डहाळी. आमच्या गांवीं भाताच्या बांधांवर पूर्वीं ही वनस्पति सहज दिसे; आतां बांधांवर तणनाशकाचे फवारे पडतात आणि सड्यावरचा चिरा खणला जातो. त्यांत चतुर्थीपूर्वीं पत्री विकण्यासाठीं लोक रोपेंच्या रोपें मुळासकट उपटून आणतात. देवाला वाहण्याच्या निमित्तानें ती वनस्पतिच उरली नाहीं तर पुढील पिढी काय वाहणार? रानांत सांपडली तर डहाळी घ्यावी, मूळ तेथेंच राहूं द्यावें, आणि बीं घरीं आणावें.

यंदां पेरण्यास बीं कोठून आणावें, असा प्रश्न पडेल. यंदां पेरूं नये. यंदां ओळख करून घ्यावी. भाद्रपद-आश्विनांत एखाद्या उघडिपीच्या सकाळीं, नऊच्या सुमारास, मुलांना घेऊन जवळच्या माळावर जावें. मुरमाड, उघड्या, आंखूड गवताच्या जागीं खालीं बसून पाहावें. उभ्यानें ती दिसत नाहीं. सांपडली कीं जवळ दगडाची खूण करून ठेवावी, कार्तिकांत बीं घ्यावें आणि पुढच्या ज्येष्ठांत पेरावें. आणि माळावर जाण्यापूर्वीं घरांतील वृद्ध बायकांना विचारावें. आजी, आत्या, काकू यांना पुष्कळ वनस्पति दिसण्यावरून ठाऊक असतात. त्यांचीं नांवें, जागा आणि उपयोग एका वहींत लिहून घ्यावे. त्यांनीं दाखविलेली वनस्पति आपल्या पुस्तकाशीं जुळली नाहीं तर पुस्तक मिटून आधीं वनस्पति पाहावी. पुस्तक उद्यांहि मिळेल.

आमच्या वाफ्यांत पहिलें फूल भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला आलें. वहिनींनीं तें पाहिलें आणि नातवंडांना हांका मारल्या. चतुर्थीला पूजेस आम्हीच बसलों होतों. तबक वहिनींच्या हातीं होतें. विष्णुक्रांतेचें नांव निघालें तेव्हां त्यांनीं ती लवदार डहाळी पुढें केली. आम्हीं ती दोन्ही हातांनीं घेतली. गोकर्णीचें पानहि तबकांत होतें. तेंहि वाहिलें, कारण इतक्या वर्षांचा तिचाहि मान आहे. पूजा आटोपल्यावर आम्ही आणखी एक डहाळी घेऊन मागीलदारीं तुळशीपाशीं गेलों. वहिनी पडवींत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, आम्हीहि बोललों नाहीं.

ज्या आजींनीं शेवटची ओळ लिहिली त्यांना आमचें सांगणें एवढेंच कीं, विष्णुक्रांत आम्हीं लावली आहे आणि ती लागते. यंदां कार्तिकांत बीं धरलें म्हणजे त्यांतील एक पुडी आपल्याकडे रवाना करूं. मात्र आपल्याकडे तिला काय म्हणतात आणि आपल्याला ती कोणीं दाखविली, हें आम्हांला लिहून कळवावें.

पुढील अंकीं माक्याविषयीं लिहूं.